गावाला लागून असलेली दोन एकर मोकळी जागा ग्रामपंचायतीनं विकत घ्यावी का? आणि पैसा कुठून आणावा?

पांधणवाला
नमस्कार मंडळी. गाव कारंजा तालुक्यातलं, जिल्हा वाशीम. नाव सांगत नाही, कारण अर्धं गाव इथं वाचते आणि उरलेल्या अर्ध्याला जाऊन सांगते.

विषय असा आहे. शाळेच्या मागं, गावठाणाला चिकटून दोन एकराचं शेत आहे. मालक म्हातारे, नागपूरला असतात. पोरं पुण्या-बंगलोरला, शेतीत कोणालाच रस नाही. शेत दरसाल मक्त्यानं जाते. ओलीत नाही, त्यामुळे सोयाबीन निघालं की ते पुढच्या पेरणीपर्यंत गावाचंच. पोट्टे क्रिकेट खेळतात, लग्नाचे मांडव पडतात, वाळवणं होतात, पालवाले आले तर तिथंच उतरतात. पोळा मात्र डांबरी रस्त्यावर भरतो, कारण तेव्हा तिथं कंबरेइतकं सोयाबीन उभं असते.

आता मालकाला विकायचं आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या भागात लेआऊटवाले गाड्या घेऊन फिरतात. मागणी एकरी २८ लाख. पण म्हातारबुवांनी निरोप दिला की ग्रामपंचायत घेत असेल तर थोडा भाव सोडतो, फक्त दिवाळीपर्यंत काय ते सांगा.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला चारेक लाख, तेही पूर्ण वसूल झाली तर. सरपंच म्हणतात घेऊ. सचिव म्हणतात "नियमात बसत नाही" (कोणत्या नियमात, ते सांगत नाहीत). गावात दोन तट पडले आहेत. मोकळी जागा घेण्यासाठी सरकारी पैसा मिळतो का? कोणी घेतली आहे का? आणि मुळात घ्यावी का?

चारआणे
५६ लाखात रिकामी जागा? त्यापेक्षा आमच्या सरपंचाचं डोकं घ्या, तेही रिकामंच आहे आणि देखभाल लागत नाही.

खामगावचे काका
चारआणे, आल्या आल्या सुरू झालात.

पांधणवाला, विकत घेण्याआधी एक सांगा, तुमच्या गावचं ई-क्लास, म्हणजे गायरान, कुठं गेलं? वऱ्हाडात गाव आहे आणि ई-क्लास नाही असं होत नाही. सातबारावर ई-क्लास लिहिलेलं असते आणि जाग्यावर कोणाची तरी तूर उभी असते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनीवरली अतिक्रमणं काढा. त्याच वर्षी आपल्या सरकारनंही गायरानाबद्दल शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. एवढं सगळं होऊनही गावाची फुकटची जमीन लोकांच्या बुडाखाली, आणि आपण नवीन घ्यायला निघालो जनतेच्या पैशानं. हे काही पटत नाही.

आमच्या गावात मी आखर जाताना पाहिलं. सकाळी गायकी सगळ्या गावची ढोरं जिथं गोळा करायचा ती जागा. आधी एकानं कुटाराचं कुड लावलं. मग त्या कुडाला भिंत आली. आता तिथं आटाचक्की आहे, आणि दळण घेऊन जाणाऱ्यांत मीही असतो.

ई क्लासवरचा
काका, तुमी लिवलं ते वाचलं. मी त्याच ई-क्लासवर राह्यतो. माह्या बापानं झोपडी टाकली तवा गावातल्या कोन्याच मोठ्या मानसानं जागा देल्ली नाई. तूर पेरनारा अन् घर करून राहनारा, दोघाईले एकाच काठीनं हानू नका. तूर पेरनाऱ्याले घरी आठ एकर राह्यते.

अन् पांधणवाला भाऊ, राग मानू नका, पन घरकुलाले जागा नाई म्हनून आमच्या लोकाइचे घरकुलं परत गेले. पंडित दीनदयाळ योजनेत जागा घ्याले पैसे भेटते, ५०० चौरस फुटासाठी. आधी ५० हजार होते, मंग वाढवले. पन गावात त्या भावात जागा देते कोन? आता त्याच गावात क्रिकेट खेळाले ५६ लाख उभे राह्यते म्हनजे गंमतच आहे.

पांधणवाला
राग कशाचा, बरोबर आहे. हा मुद्दा आमच्याकडे कोणी काढलाच नव्हता. तरी एक सांगतो. लेआऊट पडला तर त्यात तुमच्या-आमच्यासारख्याला प्लॉट मिळणार नाही, ते कारंजा-अकोल्याचे लोक घेतील.

काका, आमचं ई-क्लास गावापासून दीड किलोमीटरवर, नाल्यापलीकडे. पावसाळ्यात तिथं म्हशीही जात नाहीत. त्यातही अर्धं गेलेलं आहे.

नमुना चोवीस
मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पगार तोच, शिव्याही त्याच.) थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या सचिवाचं "बसत नाही" अर्धं खरं आहे. मैदान, उद्यान ही ग्रामपंचायतीचीच कामं आहेत, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम ४५ आणि त्याची ग्रामसूची काढून वाचा. अडचण अधिकाराची नाही, पैशाच्या स्वरूपाची आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचं घ्या. २०२१-२२ ते २०२५-२६ साठी ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता. ४० टक्के अबंधित, त्यातून पगार आणि आस्थापना सोडून गावाची गरज भागवायची. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा वाटा ८० टक्के, उरलेले १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे. कागदावर बरं दिसते. पण हा पैसा हप्त्यानं येतो, लोकसंख्येवर येतो, आणि आराखड्यात आधी नाव असल्याशिवाय खर्ची पडत नाही. लहान गावाच्या हाती असं कितीक येणार? मालक म्हणतो दिवाळी, आणि आपला हप्ता कधी येईल ते दिल्लीवाल्यांनाही सांगता येत नाही.

स्वनिधीचं म्हणाल तर त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग. मग नळाची मोटर जळते, शिपायाचा पगार राहतो. उरते काय?

रोजगार हमीतून मैदान सपाट करता येते, कडेनं झाडं लावता येतात. जमीन घेता येत नाही. क्रीडांगण विकासाचं अनुदानही जागा नावावर असेल तरच. सगळ्या योजना "जागा उपलब्ध आहे" या वाक्यानंतर सुरू होतात. ते वाक्य लिहिण्यासाठी कोणती योजना आहे, असं मी साहेबांना एकदा विचारलं होतं. साहेबांनी चहा मागवला.

धुरा
दादा, शेवटचं वाक्य भारी.

मी विकणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. शेतकरी माणूस आयुष्यात जमीन एकदा विकतो. ग्रामपंचायतीला विकायची म्हणजे मूल्यांकन सरकारी, पैसे सरकारी वेळेवर, आणि गावात दहा जण म्हणणार की यानं गावाला लुबाडलं. लेआऊटवाला टेबलावर पैसे ठेवते. म्हातारबुवा भाव सोडतो म्हणतात यातच त्यांचा मोठेपणा आला. तो भाव किती सोडतात हे आधी लिहून घ्या, नाहीतर उद्या पोरं म्हणतील बाबा असं बोललेच नाहीत.

एडिसनचा अकोलेकर
मूळ मूर्तिजापूरचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. इथं ही गोष्ट कशी करतात ते सांगतो, हसू नका.

माझ्या घरपट्टीच्या बिलावर "मोकळी जागा" म्हणून वेगळी ओळ असते. जिल्ह्याची एक, आणि पुष्कळ गावांत गावाची आणखी एक. घराच्या ठरवलेल्या किमतीवर शंभर डॉलरला काही सेंट. रक्कम मोठी नसते, पण ती दुसरीकडे वळवता येत नाही. आणि ही ओळ कोणी वरून लादलेली नाही, मतदानाला टाकून लोकांनी स्वतः मंजूर केलेली असते. वर राज्याचा ग्रीन एकर्स नावाचा कार्यक्रम आहे, १९६१ पासून. राज्यानं रोखे काढून पैसा उभा केला आणि त्यातून गावांना जमिनीसाठी अनुदान आणि स्वस्त कर्ज दिलं. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरानं १९६७ मध्येच यासाठी स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला. मॅसॅच्युसेट्समध्ये २००० सालचा कायदा आहे, गावानं मतदान करून घरपट्टीवर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावायचा, मग राज्य त्यात भर घालते. त्या पैशात मोकळी जागा, जुन्या वास्तू आणि परवडणारी घरं, तिन्हीवर किमान १० टक्के खर्च करावेच लागतात. ई क्लासवरचा भाऊंचा मुद्दा त्यात येतो बघा. मैदान की घरकुल असं भांडण लावायचंच नाही, दोन्हीला हिस्सा.

चारआणे
मतदान करून स्वतःवर कर??? आमच्याकडं लागलेला कर भरा म्हणलं तर लोक पॅनल पाडतात.

वेणूताई
चारआणे, हसण्यावारी नेऊ नका. आमच्या गावात (दर्यापूरकडे) घरपट्टी न भरणाऱ्यांत पक्क्या घरवाले जास्त आहेत. बचत गटाच्या बाया भरतात, कारण त्यांना दाखला लागतो.

सगळे क्रिकेट क्रिकेट करून राहिले म्हणून लिहिते. माझी भाची पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे साडेचारला चार-पाच पोरी हायवेच्या कडेनं धावतात. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर असते. धावायला सपाट, सरळ, उजेडाची जागा गावात नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. माझा भाऊ मोटरसायकल घेऊन मागं मागं हेडलाईट दाखवत जातो. बापाला रोज पहाटे पोरीमागं गाडी न्यावी लागते, त्या गावात "मोकळी जागा कशाला पाहिजे" हा प्रश्न मला तरी पडत नाही.

एक अट मात्र घाला. मैदान घेतलं तर ते पोट्ट्यांच्या ताब्यात जाऊ देऊ नका. संध्याकाळी बायांना चार पावलं फिरता आलं पाहिजे. आमच्याकडे मैदान आहे, पण संध्याकाळी सातनंतर तिकडं फक्त बाटल्या जातात.

बोडीकाठ
मी भंडाऱ्याकडचा. तुमच्याकडे निदान विकत घ्यायचा तरी पर्याय आहे, जी. आमच्याकडे मोकळी दिसणारी जागा विचारली की तलाठी म्हणतो झुडपी जंगल, म्हणजे महसुली कागदावर झुडपांची म्हणून नोंदलेली जमीन. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही भानगड आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की झुडपी म्हणजे वनच, साधारण ८६ हजार हेक्टर. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्या जागा दिल्या गेल्या त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवली. पुढं मात्र ग्रामपंचायतीला मैदानासाठी पाहिजे म्हटलं तरी वनखात्याची पायरी चढावी लागणार. निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आपल्या अमरावतीचे, त्यांना झुडपी म्हणजे काय हे सांगावं लागलं नसेल!

मी त्या निकालाच्या विरोधात नाही. झुडपी वाचलं म्हणून आमच्याकडे मोकळं काही उरलं, नाहीतर ई-क्लाससारखं झालं असतं.

पण दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दिवसा मंडई, रात्री नाटक. आजूबाजूच्या गावचे पाहुणे येतात, सोयरिकी जमतात. धान निघालेल्या बांध्यांतच सगळा खेळ. बांधी मालकाची मर्जी असेल तोवर. एका गावात मालकानं रब्बीत उन्हाळी धान लावला आणि त्या साली मंडई दुसऱ्या टोकाला, रोडच्या बाजूला गेली. दुकानं रोडवर, माणसं रोडवर. म्हणून म्हणतो, दोन एकर मिळत असतील तर घ्या.

खामगावचे काका
बोडीकाठ, तुमच्याकडे निस्तार पत्रक आहे ना? महसूल संहितेच्या कलम १६१ मध्ये. आखर, खळं, चराई, मसणवट कुठं ते लिहिलेलं असते. ते काढून पाहिलं का कोणी?

बोडीकाठ
काढलं. निस्तार पत्रकात खळ्याची जागा आहे, नकाशात आहे, फक्त जमिनीवर नाही. तिथं आता समाजमंदिर, व्यायामशाळा आणि पाण्याची टाकी आहे. अतिक्रमण कोणा माणसाचं नाही, ग्रामपंचायतीचंच आहे.

नमुना चोवीस
बोडीकाठ यांनी नेमकी जखमेवर बोट ठेवलं. मी तीन-चार ठिकाणी नोकरी केली, मोकळी जागा खाणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे सरकारी योजना. निधी आला की जागा पाहिजे, जागा म्हटलं की मैदानाचा कोपरा. अंगणवाडी, मग टाकी, मग सभागृह, मग आमदार निधीतलं हायमास्ट. प्रत्येक काम चांगलंच असते, नाही म्हणायची सोय नसते. शेवटी पोरं व्हॉलीबॉल खेळतील एवढंही उरत नाही.

एडिसनचा अकोलेकर
यावर इथला एक नियम सांगतो. अमेरिकेत १९६४ चा एक केंद्रीय निधी आहे, जमीन आणि पाणी संवर्धनाचा. समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून तो भरतो. २०२० पासून दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे बांधून दिले. त्यातून गावाला जागेसाठी मदत मिळाली, तर ती जागा कायम लोकांच्या खेळा-फिरायलाच ठेवायची. दुसऱ्या कामाला वापरायची झाली तर परवानगी काढायची आणि तेवढ्याच मोलाची दुसरी जागा बदल्यात द्यायची. म्हणजे टाकी बांधा, पण आधी तेवढं मैदान दुसरीकडे घ्या.

कोळसापट्टा
समुद्रातल्या तेलावर मैदानं! मी वणीकडचा, आमच्याइकडं कोळसा निघते. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला, जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या नव्यांकडून १० टक्के तिथं जमा होते. पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशी प्राधान्यं आहेत. पैसा आहे, नाही असं नाही. पण खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याखाली ज्या गावाचं चराऊ रान गेलं, त्याला बदल्यात चराऊ रान घेऊन द्या, असं कोणाच्या डोक्यात येत नाही. रस्ता देते, सभागृह देते. खाणीनं जमीन नेली तर परतफेडही जमिनीतच व्हावी, एवढं साधं गणित आहे बाप्पा. अकोलेकरांनी लिहिलेला नियम आमच्या पालकमंत्र्यांना कोणी वाचून दाखवा.

चारआणे
ते म्हणतील छान आहे, यावर एक सभागृह बांधू.

लिंबोळी
मला एक समजत नाही. लेआऊट पडू द्या की. मंजूर लेआऊटमध्ये १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते. फुकटात जागा मिळेल, ५६ लाख वाचतील.

वकील आहे पण काळा कोट घरी
लिंबोळी, हिशोब करून पाहा. दोन एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट. १० टक्के म्हणजे ८,७०० च्या आसपास. ती जागा लेआऊटवाला कुठं सोडतो हे विदर्भातल्या कोणत्याही लेआऊटमध्ये जाऊन बघा, नाल्याकाठचा तिरपा तुकडा किंवा विजेच्या डीपीखालची. वर्षभरात तिथं हनुमान बसतात आणि मग कोणाची हिंमत. त्यात पोळा भरवाल तर बैल शेपटीला शेपटी लावून उभे करावे लागतील.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काही गोष्टी क्रमानं नाही, पण डोक्यात येतील तशा सांगतो.

भूसंपादन करायला जाऊ नका. २०१३ च्या कायद्यात खेळाचे प्रकल्प सार्वजनिक हितात येतात हे खरं, पण ग्रामीण भागात गुणक २ पर्यंत आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे बाजारभावाच्या चौपटीपर्यंत खर्च जाऊ शकतो. मालक राजी असताना हे कशाला? वाटाघाटीनं खरेदी करा.

खरी गोम पुढं आहे. तुमच्याकडे शीघ्रगणकाचा, म्हणजे रेडी रेकनरचा भाव २८ लाखाच्या जवळपासही नसेल. ग्रामपंचायत मूल्यांकनाच्या वर एक रुपया देईल तर लेखापरीक्षणात सरपंच आणि सचिवावर वसुली निघते. खाजगी घेणारा खरेदीखतात एक लिहितो आणि वरचं पिशवीतून देतो. ग्रामपंचायतीला पिशवी नसते. "भाव सोडतो" हे म्हातारबुवा कितपत सोडतात, सगळं त्यावर अडलं आहे. तुमचा सचिव बहुतेक यालाच घाबरून राहिला, बोलत नाही इतकंच.

आणि सातबारा पाहा. भोगवटादार वर्ग १, म्हणजे मालकाला मोकळेपणानं विकता येईल अशी, आहे का? वडिलोपार्जित असेल तर बहिणींची नावं लागली आहेत का? २००५ नंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. नंतर एक बहीण उभी राहिली की तुमचं मैदान दहा वर्षं कोर्टात. मोजणी करून घ्या, शाळेच्या बाजूचा धुरा (बांध) सरकलेला असणार, पैज लावतो.

धुरा
माझं नाव कशाला मधे?

वकील आहे पण काळा कोट घरी
तुम्ही कायमच सरकता, म्हणून.

देवळाच्या पारावरून
आमच्या गावात वेगळं केलं. वर्गणी करून संस्थानच्या नावानं तीन एकर घेतली. विश्वस्त संस्था नोंदलेली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ३६ आहे, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ग्रामपंचायतीनं घेतली असती तर आतापर्यंत दोन सभागृहं झाली असती. आमची जागा अजून सपाट, मोकळी. यात्रा, शंकरपट (बैलांच्या शर्यती), लग्न, सगळं तिथंच.

ई क्लासवरचा
अन् त्या मैदानावर आमच्या लग्नाचा मांडव पडते का? भीमजयंतीचा कार्यक्रम होते का? खरं सांगा.

देवळाच्या पारावरून
लग्नं होतात. जयंतीचं कोणी कधी विचारलं नाही.

ई क्लासवरचा
इचारलं नाई कारन उत्तर मालूम आहे. म्हनून म्हनतो जागा ग्रामपंचायतीच्याच नावावर पायजे. ग्रामसभेत उभं राहून भांडता तरी येते. संस्थानाच्या मिटिंगीत आमाले कोन बोलावते?

वेणूताई
+१. अगदी हेच. बायांनाही नाही बोलावत.

संपादक मंडळ
चर्चा चांगली चालू आहे, ती मैदानावरच राहू द्या. वैयक्तिक होऊ लागलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

चारआणे
उडवलेले दोन्ही माझेच होते. ८,७०० चौरस फुटात बसत होते खरं तर.

भूदानाचा नातू
वर्ध्यापासून लिहितो. पवनार आमच्यापासून जवळ, म्हणून आठवलं. १९५१ मध्ये भूदान सुरू झालं तेव्हा लोकांनी मागितल्यावर जमिनी दिल्या. म्हातारबुवांना अर्ध्या भावाबद्दल न बोलता थेट विचारा, एक एकर दानपत्र करून देता का, एकाचे पैसे घ्या. मैदानाला त्यांच्या आईचं किंवा वडिलांचं नाव द्या. पुष्कळदा पैशापेक्षा हे पटते. नागपूरला राहणाऱ्या माणसाला गावात नाव पाहिजे असते.

लिंबोळी
भूदानात आलेल्या बऱ्याच जमिनी खडकाळ होत्या असं आजोबा सांगायचे. इथं निदान सोयाबीन तरी येते!

नमुना चोवीस
नातवाची सूचना कामाची आहे. मूल्यांकनाचा पेचही त्यातून सुटतो, एका एकराचं दानपत्र, दुसऱ्याचं सरकारी भावानं खरेदीखत. दोन्ही दस्त वेगळे, दोन्ही खरे.

पैशासाठी एक जुनी वाट सांगतो, नव्या सचिवांना माहीत नसते. अधिनियमाच्या कलम १३३ मध्ये जिल्हा ग्राम विकास निधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाच्या ०.२५ टक्के तिथं भरते, आणि जिल्हा परिषद त्यातून ग्रामपंचायतींना कर्ज देते. तुमच्या गावानं आजवर भरलं असेल, घेतलं मात्र नसेल. अडचण एक आहे, परतफेड कशातून करणार हे ते पहिल्यांदा विचारतात. म्हणून लोक कर्ज घेऊन गाळे बांधतात. मैदानासाठी कर्ज मागाल तर उत्पन्न दाखवा म्हणतील, उत्पन्न दाखवायला गाळे काढाल, आणि गाळे निघाले की मैदान राहत नाही. या चक्रात पडू नका. उत्पन्न मोकळ्या जागेतूनच दाखवा. आठवडी बाजाराची वसुली, लग्नाच्या मांडवाचं भाडं, उन्हाळ्यात पालवाल्यांचं. यातलं काहीच पक्कं बांधकाम मागत नाही.

आणि ठरावात लिहा. "सदर जागेवर कोणतेही पक्के बांधकाम करायचे झाल्यास ग्रामसभेची मंजुरी व तेवढीच जागा अन्यत्र." अकोलेकरांचाच नियम, आपल्या भाषेत. ठराव पुढच्या बॉडीला बदलता येतो, मला माहीत आहे. पण बदलायला ग्रामसभा घ्यावी लागते, तोंडावर बोलावं लागते. गुपचूप अंगणवाडी उभी राहत नाही. खरेदी झाली की नमुना २४ मध्ये, जमिनीच्या नोंदवहीत, नोंद करा. मी नोकरीत ज्या ज्या गावी गेलो तिथं ही वही आधी मागितली. निम्म्या ठिकाणी पहिल्या पानावर मसणवट, दुसऱ्यावर शाळा, पुढं कोरी. ज्या जागेची नोंद नाही ती जायला वेळ लागत नाही. आयडी उगाच घेतला नाही.

खामगावचे काका
चोवीस, ठरावाचं पटलं. माझा आक्षेप कायम आहे, पण दुरुस्ती करतो. जागा घ्या, त्याच ग्रामसभेत ई-क्लासच्या मोजणीचाही ठराव घ्या. तुरीवाल्यांना नोटीस, घरवाल्यांना पट्ट्याचा प्रस्ताव. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये अतिक्रमण काढायचे ग्रामपंचायतीला अधिकार आहेत. एकच घेऊन दुसरं सोडलं तर पुढच्या पिढीला तेही विकत घ्यावं लागेल.

ई क्लासवरचा
काका, हे चाललं. "घरवाल्यांना" हा शब्द ठरावात पायजे, तोंडी नको.

पांधणवाला
मंडळी, उशिरा लिहितोय, कापणीची घाई होती.

ग्रामसभा झाली. पहिल्या दिवशी गणपूर्ती नाही (१५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी ते, आमच्याकडे तेवढेही आले नाहीत). तहकूब सभेला मात्र मांडव कमी पडला, कारण तोवर कोणीतरी उठवलं होतं की जागा आमदारांच्या भाच्याला द्यायचं ठरलं.

म्हातारबुवांना भेटायला सरपंच आणि मी नागपूरला गेलो होतो. भूदानाचा नातू, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. एक एकर देतो म्हणाले नाहीत. अर्धा देतो म्हणाले, आईचं नाव द्या. उरलेल्या दीडपैकी एक एकर ग्रामपंचायतीनं मूल्यांकनाच्या भावानं घ्यावी, अर्धा ते लेआऊटवाल्याला विकणार. बहिणीचं नाव सातबारावर आहे, ती अमरावतीला असते, तिची सही मिळेल म्हणतात. वकीलसाहेब, धुरा खरंच सरकलेला आहे, शाळेकडे.

तर दीड एकर. पूर्ण दोन नाही. काही लोक नाराज आहेत, काही म्हणतात बरं झालं. वेणूताई, संध्याकाळची अट ठरावात घेतली. ई-क्लासच्या मोजणीचा ठराव गोंधळात झाला, हात किती वर होते यावर अजून भांडण चालू आहे. पैसा म्हणजे कर्जाचा प्रस्ताव, अबंधितमधून पुढच्या आराखड्यात थोडं, आणि लोकवर्गणी. वर्गणीची वही काल उघडली.

वकील आहे पण काळा कोट घरी
इसारपावती नोंदणीकृत करा. बहिणीच्या सहीशिवाय इसार देऊ नका. "मिळेल म्हणतात" ही सही नव्हे.

वेणूताई
अभिनंदन! दीड एकरात ४०० मीटरचा ट्रॅक बसत नाही, पण २०० चा बसतो का ते मोजून घ्या, पोरी आशीर्वाद देतील. आणि दिवा लावा. हायमास्ट नको, साधे चार खांब.

चारआणे
उद्घाटनाचा फलक किती फुटाचा ठरला? ट्रॅक त्याच्या बाहेरून काढा.

एडिसनचा अकोलेकर
वर्गणीत माझंही नाव लिहा. इथून पाठवू का थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात?

नमुना चोवीस
थांबा. पासपोर्ट अजून भारताचाच आहे ना?

एडिसनचा अकोलेकर
हो हो. ग्रीन कार्डवर आहे.

नमुना चोवीस
मग इथल्या आपल्या बँक खात्यातून टाका, आणि नमुना ७ ची पावती व्हॉट्सॲपवर मागून घ्या. पावतीवर "मैदान जमीन खरेदी" एवढं लिहून घ्या, नुसतं "वर्गणी" नको. नाहीतर गणपतीत जाईल.